‘पाहिजेत’ : जाहिरातींवरून नोकरीचा दर्जा मोजताना

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा पाठ)



कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या मोफत वाचनकक्षात सकाळी दार उघडताच येऊन बसणारा एक वाचकवर्ग असतो. तो कादंबऱ्यांच्या कपाटाकडे वळत नाही आणि वृत्तपत्राचा अग्रलेखही वाचत नाही. तो थेट छोट्या जाहिरातींचे पान उलगडतो, ‘पाहिजेत’ या मथळ्याखालील रकान्यावर बोट ठेवून खाली खाली येतो आणि खिशातल्या कागदावर दोन-तीन पत्ते उतरवून घेऊन निघून जातो. देवघेवीच्या नोंदवहीत त्याच्या नावावर एकही पुस्तक नसते. तरीही ज्या एकाग्रतेने तो रकाना वाचला जातो, त्या एकाग्रतेने फार थोडे गद्य वाचले जात असेल. प्रत्येक शब्दाला तिथे किंमत असते. जाहिरात देणाराने तो शब्द मोजून घातलेला असतो आणि वाचणारा त्यावर आपले पुढचे दिवस पणाला लावणार असतो.

साहित्यसमीक्षेने या गद्याकडे कधी पाहिले नाही. अर्थशास्त्रज्ञांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी मात्र पाहिले. वृत्तपत्रातील तो रकाना आता बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. संकेतस्थळांवरील लाखो जाहिराती एकत्र करून, त्यांच्या मजकुरावरून नोकऱ्यांची संख्याच नव्हे, तर त्यांचा दर्जाही मोजण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. हा प्रयत्न कसा होतो, त्यातून काय हाती लागते आणि काय निसटते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो अर्थशास्त्राचा तर आहेच. पण मुळात तो वाचनाचा विषय आहे, म्हणून ग्रंथालयाच्या व्यासपीठावर परका ठरू नये.

जाहिराती मोजण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ‘कॉन्फरन्स बोर्ड’ या संस्थेने १९५१ पासूनची एक मालिका सिद्ध केली होती. ५१ शहरांतील ५१ प्रमुख वृत्तपत्रांत नोकरीच्या किती जाहिराती आल्या, याची दरमहा मोजदाद करून तिचा निर्देशांक काढला जाई. जाहिराती वाढल्या की उद्योगधंद्यांना बरे दिवस आले, आणि रोडावल्या की मंदीची चाहूल लागली, असा त्याचा साधा अर्थ. २००५ मध्ये याच संस्थेने संकेतस्थळांवरील जाहिरातींची स्वतंत्र मालिका सुरू केली. भारतातही ‘नौकरी’ या संकेतस्थळाचा मासिक निर्देशांक २००८ पासून निघू लागला.

परंतु ही सगळी मोजणी संख्येची होती. शंभर जागा निघाल्या हे तिने सांगितले. त्या शंभर जागांवर बसणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे सांगणे तिच्या कक्षेबाहेरचे होते. या संदर्भात विल्यम बेव्हरिज यांचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचे हे शिल्पकार १८७९ मध्ये बंगालमधील रंगपूर येथे जन्मले. रिकाम्या जागा आणि बेरोजगारी यांचे नाते दाखविणाऱ्या आलेखाला अर्थशास्त्रात आजही त्यांचेच नाव आहे. पूर्ण रोजगारावरील १९४४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की काम शोधणाऱ्यांपेक्षा रिकाम्या जागा नेहमी अधिक असाव्यात. त्यांची व्याख्या येथे थांबत नाही, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. त्या जागा वाजवी वेतनाच्या असाव्यात, आणि त्यांचे स्वरूप व ठिकाण असे असावे की बेरोजगार माणसाने त्या स्वीकाराव्यात अशी अपेक्षा रास्तपणे करता यावी, ही अटही त्यांनी घातली होती. म्हणजे दर्जाचा विचार संख्येच्या व्याख्येतच गुंफलेला होता. पुढच्या काळाने संख्या तेवढी उचलली आणि अट मागे ठेवली.

ती अट पुन्हा ऐरणीवर यावयास अर्धे शतक लागले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ‘प्रतिष्ठेचे काम’ हे आपले उद्दिष्ट म्हणून जाहीर केले. श्रीमंत देशांच्या ‘ओईसीडी’ या संघटनेने पुढे नोकरीच्या दर्जाचे तीन घटक मानले : मिळकत, नोकरीची शाश्वती आणि कामाच्या जागचे वातावरण. ब्रिटनमध्ये मॅथ्यू टेलर यांच्या समितीने जुलै २०१७ मध्ये ‘चांगले काम’ या विषयावरील अहवाल सरकारला दिला आणि कामाचा दर्जा मोजण्याची निकड सांगितली. त्याला अनुसरून कार्नेगी यूके ट्रस्ट आणि रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स यांच्या अभ्यासगटाने २०१८ मध्ये सात बाजू निश्चित केल्या. त्या अशा : नेमणुकीच्या अटी, वेतन व इतर लाभ, आरोग्य, सुरक्षितता व मनःस्वास्थ्य, कामाची रचना व स्वरूप, सहकाऱ्यांचा व वरिष्ठांचा आधार, आपले म्हणणे मांडण्याची सोय, आणि काम व घर यांतील तोल. नोकरी करणाऱ्या कोणाही माणसाला या सात बाजू समजावून सांगाव्या लागणार नाहीत. त्या त्याने अंगावर भोगलेल्या असतात.

या बाजू मोजावयाच्या कशा? एक मार्ग नोकरदारांनाच विचारण्याचा. युरोपात कामाच्या परिस्थितीची अशी पाहणी १९९० च्या सुमारास सुरू झाली आणि काही वर्षांच्या अंतराने होत राहिली. माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली हकिगत म्हणून तिचे मोल मोठे आहे. परंतु ती खर्चिक असते, वर्षानुवर्षांनी होते आणि तिचा नमुना लहान असतो. एखाद्या जिल्ह्यातील औषधविक्रेत्यांच्या दुकानांत काय चालले आहे, हे तिच्यातून कळत नाही. जाहिरातींचे तसे नसते. त्या रोज निघतात, प्रत्येकीत गाव असते, हुद्दा असतो, आणि त्या गोळा करण्यास खर्च कमी येतो. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने व्यवहार ठप्प झाले, तेव्हा ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ‘ॲडझुना’ या संकेतस्थळावरील जाहिरातींच्या आधारे दर आठवड्याचे अंदाज प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पाहणीचे निष्कर्ष हाती येण्याची वाट पाहणे त्या दिवसांत परवडणारे नव्हते.

आता यंत्र या जाहिराती वाचते म्हणजे नेमके काय करते, ते पाहणे उचित होईल. प्रथम ते निरनिराळ्या संकेतस्थळांवरील मजकूर गोळा करते. एकच जागा पाच ठिकाणी जाहीर झालेली असते, म्हणून दुसरी पायरी पुनरुक्ती काढून टाकण्याची. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक जाहिरात शासनाच्या व्यवसाय-सूचीतील योग्य घरात बसवावी लागते. कारण एका दुकानात ज्याला ‘विक्रेता’ म्हणतात त्याला दुसरीकडे ‘ग्राहकसंबंध अधिकारी’ म्हणतात आणि दोघेही दिवसभर उभेच असतात. शेवटच्या पायरीवर मजकुरातून दर्जाच्या खुणा वेचल्या जातात : वेतनाचा आकडा, कायम की कंत्राटी, पूर्णवेळ की अर्धवेळ, भविष्यनिर्वाह निधी, रजा, पाळी, घरून काम करण्याची मुभा, प्रशिक्षण.

भाषेच्या अभ्यासकाचे कान या शेवटच्या पायरीवर टवकारतात. ‘रात्रपाळी नाही’ या वाक्यात ‘रात्रपाळी’ हा शब्द आहे. केवळ शब्द शोधणारे यंत्र ती नोकरी रात्रपाळीच्या खात्यात टाकील. नकार ओळखावयास यंत्राला शिकवता येते आणि ते शिकवलेही जाते. त्याहून अवघड प्रश्न अर्थाचा आहे. ‘वेळ लवचीक’ असे दोन शब्द जाहिरातीत येतात. लवचीक कोणासाठी? मुलाला शाळेतून आणण्यासाठी चार वाजता उठता येईल, हा एक अर्थ. मालक सांगेल त्या दिवशी, सांगेल तितके तास यावे लागेल, हा दुसरा. ब्रिटनमधील ‘शून्य तासांचा करार’ या दुसऱ्या अर्थाचे टोक आहे. त्यात किमान कामाच्या तासांची हमीच नसते. शब्द तेच, पण एका ठिकाणी ती सवलत आणि दुसऱ्या ठिकाणी तो जाच. ‘तणावाखाली काम करण्याची क्षमता हवी’ यात उमेदवाराचा गुण सांगितला आहे की कामाचा दोष? ‘आमचे कार्यालय म्हणजे एक कुटुंब’ या वाक्याने जिव्हाळा सूचित होतो की ओव्हरटाइमचे पैसे मागू नयेत ही अपेक्षा? भारतीय जाहिरातींतील ‘ताबडतोब रुजू होणारास प्राधान्य’, ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’, ‘टार्गेट पूर्ण करण्याची जिद्द’ हे शब्दप्रयोग जाणता वाचक ओळी-ओळींमधून वाचतो. यंत्र ओळी वाचते.

आणि जिथे ओळच नसते तिथे काय? मौन हा जाहिरातीचा सर्वांत बोलका भाग आहे. वर सांगितलेल्या सात बाजूंपैकी नेमणुकीची अट, वेतन आणि कामाच्या वेळा यांबाबत जाहिरात थोडेफार सांगते. वरिष्ठ कसा वागतो, तक्रार ऐकली जाते काय, यंत्राला संरक्षक जाळी आहे काय, याविषयी ती बहुधा काहीच सांगत नाही. मात्र उल्लेख नाही म्हणून सोय नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत निवृत्तिवेतनाची स्तुती नसते, कारण ते सर्वांना ठाऊक असते. एखादे छोटे कार्यालय मात्र ‘चहा मोफत’ हेही आवर्जून छापते. नुसत्या उल्लेखांची बेरीज केली तर चहाला गुण मिळतील.

वेतनाचे उदाहरण या दृष्टीने मासलेवाईक आहे. इओआना मारिनेस्कू आणि रोनाल्ड वोल्टहॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका मोठ्या संकेतस्थळावरील शिकागो व वॉशिंग्टन येथील २०११ च्या जाहिराती तपासल्या. वेतनाचा आकडा जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या जाहिरातींत होता. उरलेल्या ठिकाणी ‘आकर्षक’, ‘स्पर्धात्मक’, ‘अनुभवानुसार’ अशीच विशेषणे. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. जिथे आकडा होता, तिथे वेतनातील फरकाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हुद्द्याच्या नेमक्या शब्दांवरून उलगडत होता. ‘वरिष्ठ’, ‘प्रमुख’, ‘सहायक’ ही छोटी पदे वेतनाची पायरी सांगून जात होती. शब्दांची निवड तिथे शोभेसाठी नसते. ती पैशांची भाषा असते.

हे मौन मोडण्यासाठी काही देशांनी कायद्याचा आधार घेतला. ऑस्ट्रियात २०११ पासून जाहिरातीत किमान वेतन नमूद करणे बंधनकारक झाले. परिणाम असा झाला, की अनेक जाहिरातींत सामूहिक करारातील किमान आकडा आणि त्यापुढे ‘अधिक देण्याची तयारी’ हे ठरीव शब्द येऊ लागले. आकडा आला, पण मौन त्या आकड्याच्या आडोशाला जाऊन बसले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२१ पासून वेतनाची कक्षा छापण्याची सक्ती केली, तेव्हा घरून करावयाच्या कामांच्या काही जाहिरातींत ‘कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नयेत’ अशी ओळ झळकली. वेतन सांगण्यापेक्षा एक अख्खे राज्य वगळणे काहींना सोयीचे वाटले. अशी ओळ घातल्याने कायद्यातून सुटका होत नाही, असे त्या राज्याच्या श्रम खात्याला पुढे स्पष्ट करावे लागले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन-पारदर्शकतेचा निर्देश संमत केला आणि तो आपापल्या कायद्यांत आणण्यासाठी सदस्य-राष्ट्रांना ७ जून २०२६ ची मुदत दिली. मुलाखतीपूर्वी उमेदवाराला वेतनाची माहिती मिळावी आणि त्याला पूर्वीचा पगार विचारू नये, हे त्यातील दोन महत्त्वाचे कलम.

जाहिरातींच्या वाचनातून निघालेला सर्वांत विचारप्रवर्तक निष्कर्ष स्त्रियांविषयीचा आहे. पीटर कून आणि कायलिंग शेन यांनी चीनमधील दहा लाखांहून अधिक जाहिराती तपासून २०१३ मध्ये दाखवून दिले, की दहांत एकीहून अधिक जाहिरातींत ‘पुरुष हवा’ किंवा ‘स्त्री हवी’ हे उघड लिहिले होते; कामाला लागणारे कौशल्य जसजसे वाढे, तसतसे हे लिहिणे कमी होई. भारतात भरतीतील असा भेद १९७६ च्या समान वेतन कायद्याने निषिद्ध ठरविला होता. तरी सुगत चतुर्वेदी, कनिका महाजन आणि झाहरा सिद्दिकी यांनी एका भारतीय संकेतस्थळावरील सुमारे १,६०,००० जाहिराती आणि ६० लाखांहून अधिक अर्ज यांचा जो अभ्यास केला, त्यात उघड पसंती तर आढळलीच, शिवाय आडून व्यक्त होणारी पसंतीही हाती लागली. ज्या जाहिरातींची शब्दकळा स्त्रीला उद्देशून असल्यासारखी होती, त्यांत लिंगाचा उल्लेख नसतानाही देऊ केलेले वेतन सर्वांत कमी होते, आणि स्त्रियांचे अर्जही तिथेच अधिक होते. वारंवार प्रवास, अवेळी काम असे शब्द असलेल्या जागांना वेतन जास्त, पण स्त्रियांचे अर्ज कमी. एकेकटी जाहिरात वाचणाऱ्या मुलीला हे कधीही दिसले नसते. दीड लाख जाहिराती एकत्र वाचल्या तेव्हा ते दिसले. या पद्धतीचे सामर्थ्य नेमके येथे आहे : एकट्या वाचकाला जे नशीब वाटते, ते पुष्कळांचे वाचन एकत्र केले की रीत असल्याचे कळते.

सामर्थ्याबरोबर मर्यादाही सांगावयास हव्यात. जाहिरात ही भरल्या जागेची नसते, रिकाम्या जागेची असते. ज्या नोकरीत माणसे तीस वर्षे टिकतात, तिची जाहिरात तीस वर्षांतून एकदा निघते. जिथून दर तीन महिन्यांनी माणूस पळून जातो, तिची दर तीन महिन्यांनी. म्हणून निव्वळ जाहिरातींवरून काढलेले चित्र टिकाऊ नोकऱ्यांना लहान आणि पळवून लावणाऱ्या नोकऱ्यांना मोठे करून दाखविते. शिवाय भारतात निम्म्याहून अधिक काम करणारे स्वयंरोजगारात आहेत, आणि बांधकामावर, दुकानात, घरकामात शिरकाव होतो तो ओळखीने. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुरासाठी कोणी संकेतस्थळावर मजकूर टाकीत नाही. ज्यांच्या कामाचा दर्जा मोजण्याची सर्वाधिक गरज आहे, नेमके तेच या मोजणीत नसतात.

दुसरी मर्यादा सत्याची. जाहिरात हे वचन आहे, वस्तुस्थिती नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाला तरुणांसाठी एक इशारा द्यावा लागला. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ पदासाठी भरघोस पगाराच्या नोकऱ्या देऊ करणाऱ्या टोळ्या संगणक जाणणाऱ्या तरुणांना भुलवून बेकायदा सीमेपार, मुख्यतः म्यानमारमध्ये नेत होत्या आणि तिथे डांबून त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करवून घेत होत्या. दर्जा मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राने त्या मजकुराला उत्तम गुण दिले असते. त्यात वेतन होते, निवासाची सोय होती, परदेशाची संधी होती.

तिसरी मर्यादा मोजणीच्या स्वभावातच आहे. अमुक शब्दांना गुण मिळतात असे कळले, की ते शब्द छापले जाऊ लागतात. परीक्षेत अलंकार ओळखण्यास गुण आहेत म्हटल्यावर विद्यार्थी जसा प्रत्येक ओळीत अलंकार शोधतो, तसेच हे. म्हणून जाहिरातींवरून निघणारा निर्देशांक शेवटचा शब्द मानता येत नाही. नोकरदारांना विचारून केलेल्या पाहण्यांशी तो ताडून पाहावा लागतो. जाहिरात सांगते ती देऊ केलेली नोकरी. पाहणी सांगते ती भोगलेली. या दोहोंमधले अंतर हेच कदाचित दर्जाचे सर्वांत खरे माप ठरेल.

श्रोतेहो, या मोठ्या मोजणीतून वाचनकक्षातील त्या सकाळच्या वाचकाला काय मिळावे? भारत सरकारच्या २०२२–२३ च्या श्रमबल पाहणीनुसार शेतीबाहेरील नियमित पगारी नोकरांपैकी निम्म्याहून अधिक जणांपाशी नोकरीचे लेखी करारपत्र नव्हते. याचा अर्थ असा, की त्यांच्यातील कित्येकांसाठी जाहिरात हाच त्यांच्या नोकरीविषयीचा एकमेव छापील शब्द असू शकतो. काम, वेळ, वेतन यांबद्दल मालकाने जे एकदाच लेखी सांगितले ते तिथे. पत्ता उतरवून घेऊन जाहिरात सोडून देणारा तरुण आपल्या हातचा पुरावाच सोडून देत असतो. तारखेसह ते कात्रण, किंवा पडद्यावरील मजकुराची छापील प्रत, जपून ठेवणे आणि मुलाखतीत त्या सात बाजूंपैकी जी बाजू मजकुरात नाही तिच्याविषयी नम्रपणे पण स्पष्ट विचारणे, एवढे शहाणपण कोणत्याही यंत्राशिवाय साधता येते.

आणि ग्रंथालयाने? शंभर वर्षे या संस्थेने ग्रंथ जपले, नियतकालिकांच्या फायली बांधल्या. फाइल बांधताना जाहिरातींची पाने रद्दीत जाऊ न देणे, हे संस्थेच्या दुसऱ्या शतकाचे एक लहानसे काम असू शकते. कोणत्या वर्षी कोणती माणसे ‘पाहिजेत’ होती, त्यांना काय देऊ केले होते आणि काय सांगावयाचे टाळले होते, हे पुढच्या अभ्यासकाला अन्यत्र सहजी सापडणार नाही. त्या पानांवर या शहराच्या पोटापाण्याचा इतिहास आहे. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बोट ठेवून तो रकाना वाचणारा मुलगाही या ग्रंथालयाचा वाचकच आहे. त्याच्या हाती नुसते वृत्तपत्र देऊन न थांबता ते कसे वाचावे हेही जिथे शिकावयास मिळते, ते ग्रंथालय.